खाडीत बंद पडणारं इंजिन

"बंद पडला! परत मदल्या खाडयेत बंद पडला ता इंजिन!"

धाकूकाकाचा आवाज मुळातच असा, की त्यानं कानात काही सांगितलं तरी पलीकडच्या काठावरचे बगळे उडायचे. मी एसटीतून उतरून वाडीच्या धक्क्यावर पोचतेय न पोचतेय, तोच ही आरोळी. पाहिलं तर खाडीच्या मधोमध आमची होडी, आणि होडीत एकटा आबा, माझा बाप. ओहोटी लागली होती. पाणी खाडीच्या तोंडाकडे ओढत होतं, आणि आमच्या खाडीच्या तोंडाशी रेतीच्या दांड्यावर लाटा फुटतात. इंजिन बंद पडलेली होडी तिथं गेली तर ती परत येते ती फळ्याफळ्यांनी. हे आबाला कोणी सांगायची गरज नव्हती, मला ते त्यानंच शिकवलं होतं. तरी आबा मागच्या फळीवर मांडी घालून ढिम्म बसलेला. ना वल्हं हातात, ना काठाकडे हात करणं.

"दादाऽऽ! हात तरी कर रे! होडी घेवन येव काय?"

आबानं मानसुद्धा वळवली नाही.

काका शिव्या घालत शेजाऱ्याची होडी सोडवायला धावला. त्याची गाठ सुटते न सुटते, तेवढ्यात तिकडे आबा उठला, इंजिनाची दोरी एकदाच ओढली, आणि ते मेलेलं इंजिन खोकत खोकत चालू झालं. तो निमूट काठाला आला, होडी बांधली, आणि मला बघून म्हणाला, "इलंस? चाय घितलंस?"

"चाय गेली खड्ड्यात," काका कडाडला. "गेल्या खेपेक दांड्यापर्यंत गेल्लंस. देव म्हणान वाचलंस. वयनी गेली, आता तुका पण बुडान मराचा असा?"

"इंजिन बिघडलाहा," आबा म्हणाला. "कुंदा दुरुस्त करतली. तेच्यासाठीच बोलावलंय तिका."

कुंदा म्हणजे मी. तालुक्याच्या गावी होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकणारं एक दुकान होतं, तिथं मी कामाला होते. आधी काउंटरवर, मग हळूहळू मागच्या खोलीत, कारबेटर उघडून साफ करायला. बाईनं इंजिनात हात घालू नये असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण त्यांचीच इंजिनं रुसली की ती मुकाट्यानं माझ्या पुढ्यात येऊन पडायची. अडला हरी… पुढचं मी बोलत नाही, कारण त्या म्हणीत गाढव मी ठरते.

काकानं माझ्याकडे बघितलं. "बरा तर. कुंदा, आयक. आयतवारी रापण लावूची असा. त्या दिशी माझ्यासमोर ही होडी समोरच्या बेटार जावन परत येवक होयी, खयसर न थांबता. इली तर मी तोंड उघडूचंय नाय. नाय इली तर होडी रापणीक लावतलंय. हाकूक ज्वान पोरगे असत. दादा काठार ऱ्हवन दोरी ओढतलो."

रापण म्हणजे आमच्याकडचं सगळ्या वाडीचं मिळून एक मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात गोल टाकत न्यायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या काठावरच्या माणसांनी ओढायच्या. मासळीचा वाटा सगळ्यांना मिळतो, पण होडीतला तो दर्यावर्दी आणि दोरीवरचा तो म्हातारा, अशी वाडीची समजूत. आबा अजून एक दिवसही दोरीवर उभा राहिला नव्हता. काकाचं बोलणं ऐकून त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"चेडवा," काका गेल्यावर तो हळूच म्हणाला, "करशीत मगे?"

"करतलंय. न करूक काय झाला?"

मला काकाचा संताप आला होता. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात पाऊल टाकलं की अजून चुलीकडे नजर जायची. आबाजवळ एवढी होडी उरली होती, आणि भाऊ म्हणवणारा हा माणूस तीही काढून घ्यायला निघाला होता. आज इतक्या वर्षांनी वाटतं, काका बिचारा घाबरला होता, दुसरं काही नाही. पण तेव्हा मी मनाशी म्हटलं, हे इंजिन बेटावर जाऊन येईल, नाहीतर नावाची कुंदा नाही.

इंजिन माझ्याहून वयानं मोठं होतं. आमच्या दुकानाचा मालक म्हणायचा, असल्या इंजिनाला नवे भाग घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण जुन्या इंजिनाचं एक बरं असतं, त्याच्या पोटात फार गुपितं नसतात. त्याला ठिणगी लागते, हवा लागते आणि पेट्रोल लागतं. तिघांतलं काय कमी पडतंय ते शोधायचं.

मी झाकण काढलं. प्लग स्वच्छ, ठिणगी निळी, चांगली चटकन पडणारी. म्हणजे दुखणं पेट्रोलचं. होडीत टाकी वेगळी असते, तिच्यातून रबरी नळी इंजिनाला येते, आणि नळीच्या मधे एक रबरी फुगा असतो. तो दाबून आधी पेट्रोल वर चढवायचं, पुढचं इंजिन आपलं आपण ओढून घेतं. टाकीच्या झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो, तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि इंजिन थोडं चालून गुदमरतं. निम्म्या लोकांचं दुखणं तिथंच सापडतं. आमचा स्क्रू उघडा होता. नळीला चीर नव्हती. कारबेटर उघडला, वाटी साफ, सुई साफ. सगळं पुन्हा बसवलं आणि इंजिन पाण्याच्या पिंपात लावून चालवलं, तर हात अवघडून येईपर्यंत ते गुणी बाळासारखं चालत राहिलं.

"झाला काय?" आबानं विचारलं.

"झाला असा वाटता."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खाडीत गेलो. मधोमध आल्यावर इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद. मी फुगा दाबला, दोरी ओढली, सगळ्या देवांना हाका मारल्या. थोडा वेळ गेला आणि ते आपसूक चालू झालं. काठावर आणून मी परत कारबेटर उघडला. परत सगळं लख्ख. नळी बदलली, फुगा बदलला, दुकानातून आणलेला नवा पंप घातला. तिसऱ्या प्रहरी पुन्हा खाडीत, आणि पुन्हा तेच. साप साप म्हणून भुई धोपटत होते नुसती.

आबा शेजारी बसून बघायचा. एरवी माझ्या हातातला स्पॅनर हिसकावून घेणारा माणूस, पण ह्या खेपेला हात मागे बांधून गप्प.

"आबा, पेट्रोल खयचा हाडतस?"

"पंपावरचा."

"त्यात पाणी असतला. टाकी रिकामी करून बघूया."

"पाणी नाय. टाकी साफ असा."

"गाळून घालतस मगे?"

"गाळून."

"कशातून?"

"गाळतत तशातून," तो म्हणाला आणि विडी ओढायला उठून गेला. ताकास तूर लागू देईना. त्यातून टाकी भरायचा तो भल्या पहाटे, मी उठायच्या आत, आणि मी टाकीला हात लावला की म्हणायचा, "ता ऱ्हवांदे, तू वरचा बघ." मला वाटलं, म्हाताऱ्याला स्वतःच्या कामात खोट काढलेली खपत नाही. मी आपली वरचं बघत राहिले.

शनिवार उजाडला. संध्याकाळी काका धक्क्यावर येऊन उगाच होडीभोवती फिरून गेला. तो गेल्यावर आबाला म्हटलं, "चल, अजून एकदा जावया. दुखणा काठार लपता, मगे खाडयेतच पकडूया."

मधोमध पोचलो. इंजिन आचका देतंय असं दिसताच मी त्याच्याकडे बघितलंच नाही, फुग्याकडे बघितलं. फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला होता, चोखून टाकलेल्या आंब्यासारखा. म्हणजे इंजिन ओढत होतं, पण टाकीतून काही येत नव्हतं. दुखणं टाकीत होतं. जिथं आबा मला हात लावू देत नव्हता, तिथंच.

मी टाकीच्या तोंडावरची पेट्रोल ओढणारी सोंड झटक्यात सोडवून वर काढली. तिच्या टोकाला बारीक जाळी असते. त्या जाळीवर धाग्यांचा बोळा बसला होता, मऊ आणि हिरवा, शेवाळ्यासारखा. मी बघता बघता त्यातले निम्मे धागे सुटून टाकीत पडले आणि मला सगळं उमगलं. खाडीत इंजिन जोरात ओढायला लागलं की धागे जाळीवर येऊन बसतात, पिंपात हळू चालताना एवढी ओढच नसते. ते बंद पडलं की ओढ संपते, धागे सुटतात, वाट मोकळी होते, आणि काठावर आणून बघावं तर काही नाही!

"गावला!" मी ओरडले. इतका आनंद झाला होता मला. उरलेला बोळा बोटांनी खरवडला आणि पाण्यात फेकायला हात उचलला.

आबानं माझं मनगट धरलं.

"टाकू नको."

"आबा, कचरो असा तो."

"टाकू नको, म्हटला ना."

त्यानं ते धागे माझ्या बोटांवरून एकेक करून काढून घेतले. मग पुढच्या फळीखाली हात घालून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातून एक कापड. पेट्रोलच्या वासानं माझं नाक भरलं. कापड इतकं विरलं होतं की त्यातून पलीकडचे माड दिसत होते. मधे जाळं झालं होतं, कडेनं धागे लोंबत होते, आणि एका बाजूला तांबडा काठ होता. तो काठ बघून मी ओळखलं. आईचं हिरवं लुगडं.

आईच्या वेळी रोज सकाळी असंच व्हायचं. नरसाळ्याच्या तोंडावर आई दोन्ही हातांनी कापड ताणून धरायची आणि आबा कॅनमधून पेट्रोल ओतायचा. कापड तिच्या जुन्या लुगड्याचं. विरायला लागलं की ती दुसरा तुकडा फाडायची, आणि जुना चुलीला. लुगडी होती तोवर कापडाला तोटा नव्हता. पण आई गेली, आणि दिवसकार्यात रीतीप्रमाणे तिचं एकूण एक नेसण घराबाहेर गेलं. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं घरात ठेवायचं नाही, जीव अडकतो म्हणतात. काकूनं पेटी रिकामी केली, काही लुगडी गरिबाला दिली, काही खाडीत सोडली. होडीतलं हे पेट्रोलचं फडकं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते कपडा आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"ह्या तेवढा ऱ्हवला," आबा म्हणाला.

होडी ओहोटीबरोबर हळूहळू वाहत होती. मी म्हटलं, "आबा, ह्या कापडाचेच धागे जातत टाकयेत. तेनाच इंजिन बंद पडता."

"माका ठावक असा."

"कधीपासून?"

"पयल्या खेपेकच सोंड काढून बघितलंय. इतक्या वर्सां होडी हाकतंय, माका कळूचा नाय?"

"मगे माका कशाक बोलावलंस? दोन दिवस मी थय कारबेटर पुसत बसलंय!" मी चिडले होते, आणि चिडता चिडता माझा आवाज फाटत होता.

आबा कापडाची घडी घालत राहिला. ती घडी नीट बसेना.

"तू शिकलेली. म्हटला, आणखी कायतरी बिघडलेला गावतला. कापड सोडून दुसरा कायतरी."

मी त्याच्याकडे पाठ केली आणि वल्हं उचललं. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. किती वेळ मी नुसती वल्हवत होते कोण जाणे. काठ जवळ आल्यावर मागून त्याचा आवाज आला, "पितळेची जाळी हाडलंस मगे दुकानातसून?"

"हाडलंय. नरसाळ्यातच बसवलेली असा. पण आबा, तुका नको असात तर…"

"लाव. आयतवार उद्या असा."

त्यानं लेंगा वर खोचला, कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि कापड पाण्यावर सोडलं. काकूनं बाकीची लुगडी सोडली होती तसंच. ते जरा वेळ तरंगलं, मग भिजून खाली गेलं. तो वर आला तेव्हा मी टाकी उलटी करून धूत होते. टाकीच्या तळाशी हिरव्या धाग्यांचा पुंजका होता. तो मी त्याला दाखवला नाही.

रविवारी सकाळी सगळी वाडी किनाऱ्यावर. रापणीचं जाळं रचून ठेवलेलं, बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, आणि काका कमरेवर हात ठेवून समुद्राकडे तोंड करून उभा. मी नव्या जाळीतून पेट्रोल घातलं. एकटीनंच घातलं, जाळी धरायला कोणी लागत नाही. आबानं बघितलं आणि मान फिरवली.

"मी येतंय तुझ्यावांगडा," मी म्हटलं.

"नको. एकटो जातंय."

इंजिन पहिल्या ओढीला चालू झालं. होडी लाटा फोडून बाहेर पडली आणि मी तिच्या आवाजाकडे कान लावून उभी राहिले. आचका आला नाही. बेटाच्या खडकाजवळ ती एवढीशी दिसायला लागली, तिनं वळसा घेतला आणि परत फिरली. आवाज एकसारखा, शिवणयंत्रासारखा. काका माझ्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"गो चेडवा, जितलंस," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला. "होडी तेचीच. मी वायट नव्हतंय गो. माका तेच्यासाठी भीती वाटा."

होडी रेतीला लागली. पोरांनी आरडाओरडा केला, कुणीतरी शिटी मारली. आबानं इंजिन बंद केलं, पण उठला नाही. मागच्या फळीवर तसाच बसून राहिला. मग उतरला आणि नांगराची दोरी आणून काकाच्या हातात दिली.

"धाकू, होडी रापणीक लाव."

काकाला काही कळेना. "अरे, मी हरलंय! होडी तुझी. बेटार जावन इलंस तू."

"इलंय खरो. इंजिन आता बंद पडाचा नाय. पोरगे हाकतले."

मी धावत गेले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "आबा, ह्या काय? इंजिन चालता! आता कशाक देतस?"

"चालता गो. चांगला चालता." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला पेट्रोलचा वास नव्हता. "तू काम बरा केलंस."

"मगे?"

तो समुद्राकडे बघत बोलायला लागला, अगदी साधेपणानं, जणू वाऱ्याची दिशा सांगतोय.

"ता बंद पडा ना, तेवा मी थय बसान तुझ्या आवशीशी भांडय. 'कापड नीट धरूक येणा नाय तुका, बग, कचरो गेलो टाकयेत,' असा म्हणय. ती जिती असताना रोज सकाळी म्हणय तसाच. मगे ती पण माका दोन शब्द सुनवी. 'तू ओततस धसाधसा, आणि माका बोलतस,' म्हणी. माका आयकाक येय, कुंदा. अगदी आयकाक येय. धाकू हय काठार बोंबला, पण तिचा बोलणा सोडून मी हात कसो करू?"

काका खाली मान घालून दोरीकडे बघत होता.

"आज बेटार जावन परत इलंय," आबा म्हणाला. "ती एक शबूद बोलली नाय."

मला रडू फुटलं, सगळ्या वाडीसमोर. नाक पुसत मी म्हटलं, "आबा, मी परत बिघडवून देतंय. खरा सांगतंय, आत्ता बिघडवतंय."

तो हसला. आई गेल्यानंतर त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तसं हसणं पुन्हा कधी बघायला लागू नये असं वाटलं.

"नको गो चेडवा. आता बंद पडला तरी मी गपच बसतलंय."

पोरांनी होडीत जाळं चढवलं, आणि ती आवाज करत निघून गेली. काठावर दोरीचं टोक धरून म्हातारे उभे होते. आबा त्यांच्याकडे चालत गेला. त्यांनी सरकून जागा केली.